इंग्रजी व्याख्यान कानाला कळावं म्हणून शब्दसंग्रह कसा वाढवायचा

'हायपोथेसिस' हा शब्द मी कित्येक वर्षं वाचत होतो, उत्तरपत्रिकेत लिहीत होतो, त्याचं स्पेलिंगही कधी चुकलं नव्हतं. मग एकदा एका इंग्रजी व्याख्यानात वक्ते सारखं काहीतरी 'हाय पॉथसिस' म्हणू लागले. मी वहीत टिपून ठेवलं: 'पॉथसिस म्हणजे काय? हाय आहे तर लो पॉथसिसही असणार.' व्याख्यान संपेपर्यंत मी त्या लो पॉथसिसची वाट बघत बसलो होतो.

शब्द माहीत होता, फक्त तो डोळ्यांना माहीत होता. कानाशी त्याची कधी गाठच पडली नव्हती. इंग्रजी व्याख्यानं समजत नाहीत म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करायला बसणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं, आणि छापील यादी पाठ केल्याने ते बरं होत नाही. डोळ्यांचा शब्दसंग्रह आणखी फुगतो, कान होते तिथेच राहतात. म्हणून पुढे सांगितलेली सगळी पद्धत एका अटीवर उभी आहे: नवा असो वा जुना, प्रत्येक शब्द आधी कानातून आत आला पाहिजे, लिहिलेलं रूप नंतर.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

एखाद्या विद्यापीठाचं व्याख्यान निवडा, ज्याचं शब्दशः लिखित रूप उपलब्ध आहे. एमआयटी ओपनकोर्सवेअर आणि ओपन येल कोर्सेस यांच्या अनेक व्याख्यानांसोबत ट्रान्सक्रिप्ट मिळतं, आणि ते फुकट आहे. व्हिडिओखाली आपोआप उमटणाऱ्या सबटायटलवर या कामासाठी विसंबू नका. ती नेमकी पारिभाषिक शब्दांवर आणि विशेषनामांवर अडखळतात, म्हणजे जिथे तुम्हीही अडखळता तिथेच.

व्याख्यानाच्या मधला तीन मिनिटांचा तुकडा घ्या. सुरुवातीचा नको, तिथे सूचना आणि गप्पा असतात. व्याख्यानाचा वेग साधारणपणे मिनिटाला १४० शब्दांच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या हातात चारशेच्या आसपास शब्द येतील. एकेका वाक्याला थांबवा, ऐकू आलं ते लिहा, फार तर दोनदा ऐका. न कळलेल्या जागी जे काही कानावर पडलं ते देवनागरीत जसंच्या तसं उतरवा. 'शुडवबिन', 'अलॉडव', काहीही चालेल. मग ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघा आणि प्रत्येक चुकीला तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिल्या ढिगात असे शब्द जे लिहिलेले बघूनही तुम्हाला माहीत नाहीत. दुसऱ्यात असे, जे बघताच 'अरे, हा तर येतो मला' असं तोंडून निघतं. तिसऱ्यात असे, जे नीट ऐकू आले, पण त्या वाक्यात त्यांचा अर्थ लागला नाही.

इंग्रजी पुस्तकं वाचू शकणाऱ्या माणसाचा दुसरा ढीग बहुधा सगळ्यात मोठा निघतो. तुमचाही तसा निघाला तर तुम्हाला नव्या शब्दांची गरज कमी आणि जुन्या शब्दांना आवाज देण्याची गरज जास्त आहे. पहिला ढीग मोठा असेल तर मात्र यादीशी खरंच गाठ घालावी लागेल. हा कागद तारीख टाकून जपून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

यादी घ्यायची तर कोणती?

अकॅडेमिक शब्दांची सर्वांत प्रसिद्ध यादी म्हणजे न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची पिलावळ: ॲनलाइझ, अनॅलसिस, ॲनलिस्ट, ॲनलिटिकल हे सगळं मिळून एक कुटुंब. यादी उत्तम आहे, पण ती छापील मजकुरातून काढलेली आहे. शास्त्रीय लेखनात साधारण दर दहा शब्दांमागे एक शब्द या यादीतला सापडतो. बोललेल्या व्याख्यानांत हेच प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास घसरतं. वक्ता पुस्तकासारखं बोलत नाही, एवढाच याचा अर्थ.

ऐकण्यासाठी वेगळी यादी आहे. येन दांग, कॉक्सहेड आणि स्टुअर्ट वेब यांनी २०१७ साली अकॅडेमिक स्पोकन वर्ड लिस्ट तयार केली, तीही व्याख्यानं, सेमिनार, प्रयोगशाळेतले तास अशा प्रत्यक्ष बोललेल्या इंग्रजीतून. तिच्यात १,७४१ शब्दकुटुंबं आहेत आणि ती चार स्तरांत विभागलेली आहेत. पहिल्या स्तरातली ८३० कुटुंबं इंग्रजीतल्या सर्वाधिक वापराच्या पहिल्या हजारांतलीच आहेत. दुसऱ्या स्तरात ४५६, तिसऱ्यात ३८०, आणि खरोखर दुर्मीळ म्हणावेत असे चौथ्या स्तरात केवळ ७५.

या आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. व्याख्यान समजायला लागणाऱ्या शब्दांपैकी जवळपास निम्मे तुम्ही शाळेतच शिकलेले आहेत! म्हणून यादी वरून खाली वाचत जायची नाही, ऐकत जायची. ऑनलाइन शब्दकोशात शब्दाचा उच्चार वाजवा, पडद्याकडे न बघता. ऐकताक्षणी अर्थ डोक्यात आला तर पुढे चला. एक सेकंद जरी विचार करावा लागला तरी त्या शब्दापुढे खूण करा. पहिल्या स्तरातही खुणा पडतील, आणि थोडं लाजल्यासारखं होईल. होऊ द्या.

किती शब्द पुरतात हेही सांगून टाकतो. दांग आणि वेब यांनी २०१४ साली ब्रिटिश विद्यापीठांतल्या व्याख्यानांचा आणि सेमिनारांचा अभ्यास केला. विशेषनामं आणि 'अं', 'ओह' यांसारखे उद्गार धरून सर्वाधिक वापराची ४,००० शब्दकुटुंबं आली की ९६ टक्के शब्द ओळखीचे होतात, असं त्यात दिसलं. ९८ टक्क्यांसाठी ८,००० लागतात. ९६ टक्के ऐकायला भरघोस वाटतं, पण मिनिटाला १४० शब्दांच्या हिशेबाने मिनिटागणिक पाच-सहा अनोळखी शब्द उरतातच. त्यांचं काय करायचं हे पुढे येईल.

कानाची वही

शब्दांची वही सगळेच ठेवतात: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ही मांडणी बदला. पहिल्या रकान्यात जे ऐकू आलं ते देवनागरीत. दुसऱ्यात इंग्रजी स्पेलिंग. तिसऱ्यात तो शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य, किंवा निदान त्याच्या आजूबाजूचे चार-पाच शब्द. अर्थ सगळ्यात शेवटी, आणि गरज असेल तरच.

देवनागरी इथे फार कामाला येते. आपली लिपी आवाज पकडते, त्यामुळे 'डिटर्मिन' असं लिहिलं की 'डिटरमाईन' म्हणायची सवय सुटू लागते. 'सटल' लिहिलं की मधला मुका 'बी' आपोआप गळतो. 'मेकनिझम', 'कॉम्परबल', 'हायरार्की' हे असे शब्द मी अशाच रकान्यात पहिल्यांदा नीट ऐकले. लिपीच्या मर्यादाही ओळखून असा. इंग्रजीत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन वेगळे आवाज आहेत, आपल्या 'व' मध्ये ते एकच होऊन बसतात. 'थ' चंही तसंच: 'थिअरी'तला इंग्रजी थ दातांमधून हवा घासत निघतो, आपला थ नव्हे. पहिल्या रकान्याला आवाजाचं कच्चं चित्र समजा. ते पाहून शब्द आठवला तरी पुरे. उच्चार मात्र दरवेळी शब्दकोशातूनच ऐकायचा.

एक सापळा खास आपल्यासाठी आहे. मराठीत रोज वापरले जाणारे इंग्रजी शब्द आपल्याला येतात असं आपण गृहीत धरतो, पण ते आपण मराठी वळणाने बोलतो, सगळे स्वर पूर्ण भरून. आपलं 'फोटोग्राफी' इंग्रजीत 'फटॉग्रफी' असतं, आपलं 'टेक्नॉलॉजी' 'टेक्नॉलजी', आपलं 'डेव्हलपमेंट' 'डिव्हेलप्मंट'. हे शब्द दुसऱ्या ढिगातले पट्टीचे रहिवासी. त्यांच्यासाठी वहीची दोन पानं वेगळी राखून ठेवा.

आघात: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मराठीत शब्दाच्या कोणत्या अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर, जोर दिला याने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. इंग्रजीत आघात हा शब्दाचा कणा आहे. आघाताचा अवयव ठसठशीत, लांब आणि स्पष्ट येतो. बाकीचे अवयव आखडतात आणि त्यांचे स्वर बहुधा आपल्या 'अ' सारखे पुसट होतात. श्रोता ठसठशीत अवयवाला धरून शब्द ओळखतो.

त्यातही एक गोम आहे. नेहमीच्या इंग्रजी बोलण्यातले साधारण ९० टक्के आशयाचे शब्द ठसठशीत अवयवानेच सुरू होतात, म्हणून जोर आला की नवा शब्द सुरू झाला असं धरून चालणं इंग्रजीत सहसा खपतं. पण अकॅडेमिक शब्द बरेचसे ग्रीक-लॅटिन मुळांचे. त्यांतल्या अनेकांचा पहिला अवयव पुसट असतो: अप्रोच, अनॅलसिस, फनॉमिनन, प्रसीजर, पर्स्पेक्टिव्ह. तो पुसट अवयव आधीच्या शब्दाला चिकटतो, आणि आपल्याला ऐकू येतं 'दि कॉनमी' किंवा 'अन प्रोच'. माझा 'हाय पॉथसिस' याच जातीचा, जोराच्या जागी तुटलेला.

म्हणून वहीच्या पहिल्या रकान्यात आघाताच्या अवयवाखाली रेघ मारा, प्रत्येक शब्दाला, न चुकता. आणि शब्द एकटा न शिकता कुटुंबानिशी शिका, कारण कुटुंबात आघात जागा बदलतो आणि त्याबरोबर स्वरही बदलतात. 'इकॉनमी'त जोर 'कॉ' वर आहे, 'ईकनॉमिक' मध्ये तो 'नॉ' वर सरकला आणि 'कॉ'चा पुसट 'क' झाला. 'ॲनलाइझ'मध्ये जोर पहिल्यावर, 'अनॅलसिस'मध्ये 'नॅ' वर, 'ॲनलिटिकल'मध्ये 'लि' वर. कागदावर तिन्ही सख्खी भावंडं दिसतात, कानाला तीन परकी माणसं वाटतात.

पाठ करायला सोपा असा एक नियम आहे, आणि तो बऱ्यापैकी विश्वासू आहे. शब्दाची शेपटी 'इक', 'इटी' किंवा 'शन' असेल तर जोर शेपटीच्या लगेच आधीच्या अवयवावर पडतो: स्पसिफिकमध्ये 'सि' वर, व्हॅलिडिटीत 'लि' वर, डिस्ट्रिब्यूशनमध्ये 'ब्यू' वर. 'ऑलजी'ने संपणाऱ्या शब्दांत तो 'ऑ' वरच असतो: मेथडॉलजी, सायकॉलजी. अपवाद आहेतच, पॉलिटिक्समध्ये जोर पहिल्या अवयवावर आहे. पण या एका नियमात अकॅडेमिक शब्दांचा मोठा गठ्ठा बसतो.

क्रियापद आणि नाम यांच्या जोड्याही कानाने वेगळ्या करायला शिका. 'इन्क्रीस' नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. रेकॉर्ड, कॉन्ट्रास्ट, प्रोजेक्ट यांचं तेच. तेरापासून एकोणीसपर्यंतच्या संख्या आणि दहाचे पाढे यांच्यातला घोळही आघाताने सुटतो: 'फिफ्टीन' एकट्याने आला की जोर शेवटी, 'फिफ्टी'त सुरुवातीला. प्रयोगाच्या आकडेवारीत हा फरक चुकला तर सगळा निष्कर्षच उलटा बसतो.

पुसट छोटे शब्द

इंग्रजीतले जोडकामाचे शब्द, म्हणजे अँड, ऑफ, टू, कॅन, हॅव, अकॅडेमिक यादीत फारसे कुणी शोधत नाही, पण व्याख्यानात तेच सर्वांत जास्त गिळले जातात. 'अँड'चा 'अन' होतो, 'ऑफ'चा 'अव', 'टू'चा 'ट'. 'शुड हॅव बीन' हे 'शुडव्बिन' असं एका दमात जातं, 'इन टर्म्स ऑफ' हे 'इन्टर्म्झव', 'व्हॉट इट डझ इज' हे अमेरिकन वक्त्याच्या तोंडी 'वडिडझिझ'. शेवटच्या व्यंजनाला पुढच्या शब्दाचा स्वर चिकटतो, म्हणून 'ॲन इश्यू' हा 'अनिशू' ऐकू येतो. आपल्याकडे संधी होतात तसंच हे, फक्त कुणी व्याकरणाच्या पुस्तकात लिहून ठेवलेलं नसतं.

'कॅन' आणि 'कॅन्ट' यांच्याकडे मात्र विशेष लक्ष द्या. अमेरिकन बोलण्यात 'कॅन्ट'चा शेवटचा 'ट' बऱ्याचदा ऐकूच येत नाही. ओळखायची खूण स्वरात आहे: होकारी वाक्यात 'कन' असा पुसट, नकारात 'कॅन्' असा भरलेला. ही खूण कळेपर्यंत मी काही व्याख्यानांचा आशय बरोबर उलटा समजत होतो आणि मनातल्या मनात वक्त्याशी वादही घालत होतो.

सराव कसा करायचा? श्रुतलेखन, शाळेतलंच. वीस-तीस सेकंदांचा तुकडा, पाच मिनिटं, रोज. लिहायचं, ताडायचं, आणि मग तोच तुकडा वक्त्याबरोबर त्याच्याच चालीत मोठ्याने म्हणायचा. वेग कमी करून ऐकण्याची फार सवय लावू नका. पाऊणपट वेगात आवाज ताणला जातो, पण गिळलेले स्वर काही परत येत नाहीत. तोच तुकडा मूळ वेगात चार वेळा ऐकणं जास्त फायद्याचं.

सुटे शब्द नकोत, जुड्या हव्यात

व्याख्यान देणारा माणूस विचार करत बोलतो, आणि विचार करायला वेळ मिळावा म्हणून तयार जुड्या, म्हणजे नेहमी एकत्र येणारे शब्दगट, वापरतो. रिटा सिम्पसन-व्लाख आणि निक एलिस यांनी २०१० साली अकॅडेमिक इंग्रजीतल्या अशा ६०७ जुड्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २०० बोलण्यातल्या, २०० लिखाणातल्या, आणि २०७ दोन्हींकडे चालणाऱ्या आहेत.

जुडी अख्खी ओळखली की तिच्यावर डोकं खर्च होत नाही आणि ते पुढच्या नव्या शब्दासाठी मोकळं राहतं. पण सगळ्या जुड्या सारख्या मोलाच्या नाहीत. माझ्या मते आधी वळणदर्शक जुड्या घ्याव्यात, कारण एक वळण चुकलं की पुढची पाच मिनिटं वाया जातात. 'हॅविंग सेड दॅट' आलं की आतापर्यंत सांगितलेल्याच्या विरुद्ध काहीतरी येणार. 'दॅट्स नॉट टू से' म्हणजे वक्ता संभाव्य गैरसमज खोडतोय. 'ॲज अपोज्ड टू' आलं की दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या जात आहेत, दोन्ही टिपा. 'इट टर्न्स आउट' नंतर बहुधा अपेक्षेपेक्षा वेगळा निकाल येतो. 'व्हिच ब्रिंग्ज अस टू' म्हणजे नवा मुद्दा, वहीत रेघ ओढा.

दुसरा गट जोडक्रियापदांचा, म्हणजे फ्रेजल व्हर्ब्जचा. पुस्तकात जिथे 'कंडक्ट' असतं तिथे वक्ता 'कॅरी आउट' म्हणतो, 'एलिमिनेट'च्या जागी 'रूल आउट', 'एक्स्प्लेन'च्या जागी 'अकाउंट फॉर', सार सांगताना 'बॉइल्स डाउन टू'. गंमत अशी की आपल्याला यांतले लॅटिन वळणाचे जड शब्द आधी येतात आणि हे साधे दिसणारे नंतर, किंवा येतच नाहीत. जड शब्द आणि त्याचं बोलीतलं जोडक्रियापद वहीत शेजारी शेजारी लिहीत जा.

ओळखीचा चेहरा, वेगळा अर्थ

तिसऱ्या ढिगाचं औषध विषयातच आहे. 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचा हे सगळ्यांना येतं, पण आकडेवारीच्या तासाला त्याचा अर्थ 'निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी' एवढाच असतो, फरक चिमुकला असला तरी. 'आर्ग्युमेंट' म्हणजे भांडण नाही, युक्तिवाद. 'क्रिटिकल' वाचन म्हणजे टीका करत वाचणं नाही, पारखून वाचणं. अर्थशास्त्रातली मागणी 'इलॅस्टिक' असते आणि जीवशास्त्रात 'कल्चर' बशीत वाढवतात. 'थिअरी'चा मराठी बोलण्यात आपण 'नुसती कल्पना' असा हलका अर्थ घेतो, तर विज्ञानाच्या वर्गात तो पुराव्यांनी तपासलेल्या मांडणीला लागतो.

असे शब्द यादीतून सापडत नाहीत, कारण यादीत ते 'येतात' असं वाटून आपण पुढे सरकतो. वाक्य कळलं पण पटलं नाही, विचित्र वाटलं, तर संशय अशाच एखाद्या ओळखीच्या शब्दावर घ्या.

एक विषय, एक वक्ता, काही आठवडे

आज खगोलशास्त्र, उद्या इतिहास, परवा एखादं अठरा मिनिटांचं प्रेरणादायी भाषण, असं ऐकत राहिलं की करमणूक होते, शब्द टिकत नाहीत. एका विषयाचा एकच पूर्ण कोर्स धरा, वीसेक व्याख्यानांचा. त्यातले शब्द पुन्हा पुन्हा येतात, वेगवेगळ्या वाक्यांत येतात, आणि ती उजळणी कुणी वेगळी करून द्यावी लागत नाही. वक्त्याचे उच्चारही कानाला बसतात. निम्मा कोर्स झाला की दुसऱ्या वक्त्याचा, शक्यतो वेगळ्या देशातल्या उच्चारांचा, त्याच विषयावरचा तास ऐका. शब्द तेच, गळा वेगळा. इथे अडखळलात तर शब्द पक्का झालेला नाही, तुम्हाला फक्त त्या एका माणसाची सवय झाली होती.

सबटायटलचा नियम: पहिल्यांदा बंद, दुसऱ्यांदा चालू, तिसऱ्यांदा पुन्हा बंद. कायम चालू ठेवली तर ते वाचन झालं, आणि वाचन तुम्हाला येतंच.

कार्डं, पण आवाजाची

शिकलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने विसरतं, हे हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. म्हणून उजळणी वाढत्या अंतराने हवी: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. अँकीसारखं फ्लॅशकार्डांचं ॲप हा हिशेब स्वतः ठेवतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला मात्र मजकूर ठेवू नका. तिथे फक्त आवाज ठेवा, शक्यतो व्याख्यानातलं मूळ वाक्य. मागच्या बाजूला स्पेलिंग, वाक्य आणि अर्थ. कार्ड वाजलं आणि अर्थ लगेच उमटला तर बरोबर. मोजायचा तो वेग, कारण व्याख्यानात थांबायला कुणी देत नाही.

रोज पाच-सहा नवी कार्डं पुरेत. वीस टाकायचा मोह पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला होतो आणि तिसऱ्या आठवड्यात साचलेल्या उजळणीखाली तो गाडला जातो. मीही गाडला गेलो आहे.

एखादा शब्द ओळखू येत असूनही वेगवेगळ्या तोंडी निसटत असेल तर यूग्लिश वापरून बघा. तिथे शब्द टाकला की तो ज्या व्हिडिओंत बोलला गेला आहे त्यांतले नेमके तुकडे एकामागून एक वाजतात. दहा माणसांच्या तोंडून 'फनॉमिनन' ऐकला की अकराव्याच्या तोंडून तो चुकत नाही.

व्याख्यानाआधी आणि व्याख्यान चालू असताना

आदल्या दिवशी धड्याची शीर्षकं, स्लाइड किंवा अभ्यासक्रमाची ओळ मिळाली तर त्यातून दहा-बारा शब्द उचला, त्यांचे उच्चार ऐका, आघाताच्या रेघा मारा. दहा मिनिटांचं काम आहे. संपूर्ण धडा वाचता आला तर छानच, पण वेळ नसेल तर उच्चार ऐकणं आधी.

प्रत्यक्ष व्याख्यानात अनोळखी शब्द आला की तो देवनागरीत वेळेसह टिपा आणि सोडून द्या. त्याच्यामागे मन गेलं की पुढची दोन वाक्यं जातात, आणि बहुधा त्याच वाक्यांत अर्थ सांगितलेला असतो. वक्ते महत्त्वाची संज्ञा उच्चारताना थोडे रेंगाळतात, ती पुन्हा म्हणतात, फळ्यावर लिहितात, आणि मग 'दॅट इज', 'इन अदर वर्ड्स', 'बाय दॅट आय मीन' असं म्हणत उलगडून सांगतात. या तीन जुड्या ऐकू आल्या की लेखणी उचला. एकदाच आलेला आणि वक्त्याने न रेंगाळता ओलांडलेला शब्द बहुतेक वेळा सोडला तरी चालतो. मिनिटाला उरणाऱ्या त्या पाच-सहा अनोळखी शब्दांपैकी कितीतरी याच वर्गातले असतात.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. तिथल्या श्रवण परीक्षेत चार भाग आणि ४० प्रश्न असतात, चौथा भाग अकॅडेमिक विषयावरचं एकट्या वक्त्याचं भाषण असतो, आणि ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं. सोडून देण्याचा सराव घरीच झालेला बरा. प्रश्नपत्रिकेत जे शब्द छापलेले असतात तेच ध्वनिमुद्रणात क्वचित येतात, तिथे बहुधा पर्यायी शब्द असतो. जड शब्द आणि त्याचं जोडक्रियापद शेजारी लिहिलेली ती पानं इथे उघडायची.

वेळ कसा बसवायचा

रोज चाळीस मिनिटं धरली तर पाच मिनिटं कार्डं, पाच मिनिटं श्रुतलेखन, वीस-पंचवीस मिनिटं कोर्समधलं व्याख्यान, उरलेल्या वेळात वही. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी व्याख्यान सोडा, कार्डं सोडू नका. आठवड्यातून एकदा वहीचा पहिला रकाना उघडा ठेवून बाकीचे झाका आणि देवनागरीतल्या नोंदी मोठ्याने वाचत स्पेलिंग आठवा. तेवढी एक उजळणी डोळ्यांसाठी.

महिना झाला की सुरुवातीची चाचणी पुन्हा करा: त्याच कोर्समधलं न ऐकलेलं व्याख्यान, तीन मिनिटं, तीन ढीग. जुना कागद शेजारी ठेवा आणि आधी दुसरा ढीग मोजा, कारण या पद्धतीने सर्वांत आधी तोच कमी व्हायला हवा. तो घटला आणि पहिला तेवढाच राहिला तर आता यादीतल्या तिसऱ्या-चौथ्या स्तराकडे आणि आपल्या विषयाच्या परिभाषेकडे वळायला हरकत नाही. दुसरा ढीग जागचा हलला नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: कार्डाच्या पुढच्या बाजूला कुठेतरी मजकूर शिरलेला असतो, किंवा सबटायटल तिसऱ्या वेळीही चालू राहिलेली असतात. ते आधी तपासा, आणि पुढचा महिना नवी कार्डं न टाकता जुन्यांचेच आवाज पक्के करा.